पेनकिलर घ्यायची तर आधी मिलिग्रॅम मोजा

त्या आठवड्यात माझ्यामागे दोन दुखणी एकदम लागली होती. अक्कलदाढ ठणकत होती आणि सर्दीतापाने अंग मोडून आलं होतं. दाढेसाठी 650 ची पॅरासिटामॉल, दिवसातून चार वेळा. सर्दीसाठी वेगळी गोळी, तीन वेळा. रात्री जरा बरं वाटावं म्हणून गरम पाण्यात विरघळवायची पावडर. तीन पाकिटं, तीन रंग, तीन नावं. तिसऱ्या दिवशी गोळ्या संपल्या म्हणून मी औषधाच्या दुकानात गेले, तेव्हा तिथल्या फार्मासिस्टबाईंनी सहज विचारलं, "आणखी काय काय चालू आहे?" मी सांगत गेले आणि त्या पाकिटाच्या मागे आकडे मांडत गेल्या. 2600 अधिक 1500 अधिक 1000. बेरीज झाली 5100 मिलिग्रॅम. तिन्ही औषधांत पॅरासिटामॉलच होतं आणि धडधाकट मोठ्या माणसाची 24 तासांची कमाल मर्यादा आहे 4000.

त्यांनी मला नव्या गोळ्या न देता तडक डॉक्टरकडे पाठवलं. रक्ततपासणीत लिव्हर ठीक निघालं, म्हणून आज हे निवांत लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या साध्या गोळ्या घेतानाही माणूस कुठे कुठे फसतो हे अंगावर आल्यावर शिकले, तेवढंच इथे क्रमाने मांडते. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका.

आधी हाताशी एवढं घ्या

- घरात असलेले दुखण्याचे, तापाचे, सर्दीचे सगळे पत्ते आणि बाटल्या
- तुम्ही रोज घेत असलेल्या औषधांची यादी (बीपी, शुगर, हृदय, रक्त पातळ करणारी, सगळी)
- एक मार्कर आणि एक छोटी वही
- मुलं असतील तर त्यांचं अलीकडचं वजन आणि मिलीच्या खुणा असलेली तोंडाने औषध द्यायची सिरिंज

1. पत्ता उलटा करा

पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत असतं ते कंपनीने ठेवलेलं नाव. ते विसरा. मागे बारीक अक्षरांत घटक लिहिलेले असतात, त्यात औषध आणि त्यापुढे मिलिग्रॅमचा आकडा असतो. वाचायचं तेच. अक्षर इतकं बारीक असतं की चाळिशी लागलेल्यांनी मोबाइलने फोटो काढून मोठा करून पाहावा. मी तसंच करते.

एकच औषध दोन नावांनी फिरतं हेही लक्षात ठेवा. पॅरासिटामॉलला अमेरिकेत आणि कॅनडात ॲसिटामिनोफेन म्हणतात, काही ठिकाणी नुसतं 'एपीएपी' असं लिहिलेलं असतं. ॲस्पिरिनच्या पाकिटावर ॲसिटिलसॅलिसिलिक ॲसिड असं लांबलचक नाव सापडेल. परदेशातून कुणी आणलेल्या गोळ्या घरात असतील तर इथे हमखास घोटाळा होतो.

घटक सापडला की मार्करने पत्त्यावर ठळक लिहून टाका: 'पॅरा 500', 'आयबू 400'. एका दुपारचं काम आहे. आमच्या डब्यात सात वेगवेगळी पाकिटं होती आणि त्यांतल्या पाचांत पॅरासिटामॉल निघालं. सर्दीच्या, सायनसच्या, पाळीच्या दुखण्याच्या, 'रात्रीसाठी' म्हणून विकल्या जाणाऱ्या औषधांत ते गुपचूप बसलेलं असतं.

2. दोन घराणी ओळखा

चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या बहुतेक पेनकिलर दोनच घराण्यांतल्या असतात.

पहिल्या घराण्यात पॅरासिटामॉल एकटंच. ताप उतरवतं, डोकेदुखी, अंगदुखी, दातदुखी कमी करतं. पोटाला सहसा त्रास देत नाही, उपाशीपोटीही चालतं. सूज मात्र त्याने फारशी हटत नाही. धोका आहे तो लिव्हरला, आणि तोही मुख्यतः प्रमाण ओलांडलं की.

दुसऱ्या घराण्यात आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन. ही सूज उतरवणारी मंडळी. मुरगळलेला पाय, पाळीतलं पोटदुखणं, सुजलेली हिरडी अशा ठिकाणी ती पॅरासिटामॉलपेक्षा सरस ठरतात. ती काम कशी करतात हे 1971 मध्ये जॉन व्हेन यांनी दाखवलं आणि त्या कामासाठी 1982 चं नोबेल त्यांना विभागून मिळालं. शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होतात, त्यांतून वेदना आणि सूज वाढते. या गोळ्या ती द्रव्यं तयारच होऊ देत नाहीत. पंचाईत अशी की तीच द्रव्यं जठराच्या अस्तराची राखणही करतात आणि किडनीकडचा रक्तप्रवाहही सांभाळतात. गोळीला दुखऱ्या गुडघ्यातली द्रव्यं कुठली आणि पोटातली कुठली हे कळत नाही.

म्हणूनच 'जेवून घेतली की पोटाला काही होत नाही' हा समज अर्धाच खरा. खाऊन घेतल्याने जळजळ, मळमळ कमी होते, तसं जरूर करा. पण अल्सरचा धोका गोळी रक्तात उतरल्यावरही राहतोच, तो जेवणाने पुसला जात नाही.

यातून निघणारा नियम सोपा आहे. एका वेळी एका घराण्यातलं एकच औषध. आयबुप्रोफेनवर नॅप्रोक्सेन घेतल्याने आराम दुप्पट होत नाही, पोटाचा आणि किडनीचा धोका मात्र वाढतो. दोन वेगळ्या घराण्यांतली जोडी, म्हणजे पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन, बहुतेक मोठ्या माणसांना चालते. दातदुखीत तर ही जोडी चांगलीच उपयोगी पडते. माझ्या दाढेला अखेर तिनेच शांत केलं, तेही आधीपेक्षा कमी गोळ्यांत.

3. तुम्हाला कोणती चालत नाही ते आधीच ठरवा

डोकं ठणकत असताना हा विचार कुणी करत नाही. बरं वाटत असताना करून ठेवा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

दुसऱ्या घराण्यापासून डॉक्टरांना विचारल्याशिवाय दूर राहायचं, जर: पूर्वी अल्सर झाला असेल किंवा पोटात रक्तस्राव झाला असेल, किडनीचा आजार असेल, हृदय कमजोर असेल, हार्ट ॲटॅक किंवा पक्षाघात येऊन गेला असेल, अशी गोळी घेतल्यावर कधी दमा उसळला असेल किंवा अंगावर गांधी उठल्या असतील. जुलाब-उलट्यांनी शरीरातलं पाणी कमी झालं असेल तेव्हाही नको, कारण त्या वेळी किडनी आधीच ताणाखाली असते. डेंग्यूची नुसती शंका असली तरी ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन बंद. त्या तापात रक्तस्रावाची भीती असते. तापाला पॅरासिटामॉल घ्या आणि डॉक्टर गाठा.

गरोदरपणात वेगळी काळजी. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2020 मध्ये इशारा दिला की 20 आठवड्यांनंतर या घराण्यातल्या गोळ्या टाळाव्यात. पोटातल्या बाळाच्या किडनीवर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं. डॉक्टरांनी स्वतःहून कमी मात्रेची ॲस्पिरिन दिली असेल तर ती गोष्ट वेगळी, ती मनाने बंद करू नका.

पॅरासिटामॉलच्या बाबतीत यादी लहान आहे: लिव्हरचा आजार, रोजचं मद्यपान, खूप कमी वजन, कित्येक दिवसांची उपासमार. यांपैकी काही लागू असेल तर 4000 ही तुमची मर्यादा नाही. ती किती कमी हे डॉक्टर सांगतील.

4. मात्रा: किती, किती वेळाने, दिवसात किती

धडधाकट मोठ्या माणसासाठी, स्वतःच्या मनाने घेताना:

- पॅरासिटामॉल: एका वेळी 500 ते 1000 मिलिग्रॅम. दोन डोसांत निदान 4 तास, शक्यतो 6. 24 तासांत कमाल 4000. पुष्कळ पाकिटांवर 3000 च लिहिलेलं असतं, तसं असेल तर तेच धरा.
- आयबुप्रोफेन: एका वेळी 200 ते 400 मिलिग्रॅम. अंतर 6 ते 8 तास. 24 तासांत कमाल 1200. डॉक्टर याहून जास्त देतात, पण ते त्यांच्या देखरेखीखाली.
- ॲस्पिरिन: 16 वर्षांखालच्या मुलांना अजिबात नाही. मोठ्यांनीही दुखण्यासाठी तिच्याकडे वळायचं आता फारसं कारण उरलेलं नाही.

24 तास म्हणजे रात्री बारा ते रात्री बारा नव्हे. आत्ता गोळी घेताय, तर आत्तापासून मागचे 24 तास मोजा. मध्यरात्रीनंतर 'नवीन दिवस' सुरू झाला म्हणून हिशेब पुन्हा शून्यावर येत नाही.

सगळ्यात जास्त माणसं घसरतात ती पहिल्या तासात. गोळी घेतली, वीस मिनिटं झाली, दुखणं तसंच, म्हणून आणखी एक. तोंडाने घेतलेल्या गोळीला अर्धा ते एक तास लागतो. तेवढा वेळ द्या. मी आता गोळी घेतली की वहीत वेळ लिहिते आणि पुढचा डोस कधी तेही लगेच लिहून ठेवते. दुखत असताना किंवा तापात तुमची आठवण किती दगा देते, हे वही पाहिल्यावर कळतं. जोडी घेत असाल तर वहीशिवाय चालणारच नाही.

हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या (पाकिटावर 'एसआर', 'ईआर' किंवा '8 तास' असं काही लिहिलेलं असतं) मोडू नका, कुटू नका, चावू नका. आठ तासांचं औषध एकदम पोटात उतरतं.

5. रोजच्या औषधांशी मेळ बसतो का ते पाहा

हा भाग मी आईमुळे शिकले. तिला बीपीची गोळी चालू आहे, सोबत लघवी साफ करणारी, म्हणजे शरीरातलं जास्तीचं पाणी काढणारी गोळीही. गुडघा दुखला की ती शेजारणीने सांगितलेली दुसऱ्या घराण्यातली गोळी घ्यायची, 'साधीच तर आहे' म्हणून. महिनाभराने बीपी आटोक्यात येईना आणि पायांवर सूज दिसू लागली. डॉक्टरांनी विचारलं तेव्हाही तिने गुडघ्याच्या गोळीचं नाव घेतलं नाही. लपवलं नाही हो, ते औषध आहे असंच तिला वाटत नव्हतं. चिठ्ठीशिवाय मिळतं ते औषध नाही असं मानणारी ती एकटी नाही.

प्रिल किंवा सार्टन यांनी नाव संपणारी बीपीची गोळी (रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन अशा), पाणी काढणारी गोळी आणि सूज उतरवणारी पेनकिलर, ही तिघं एकत्र आली की किडनी अचानक कोलमडू शकते. तिन्ही वेगवेगळ्या वाटांनी किडनीतला दाब कमी करतात. वयस्कर माणसांत, त्यातही उन्हाळ्यात किंवा जुलाबात, हा धोका जास्त.

आणखी काही ठिकाणं जिथे आधी विचारायलाच हवं:

- वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी औषधं. दुसऱ्या घराण्यातल्या गोळीने रक्तस्राव होऊ शकतो. पॅरासिटामॉलही रोज, अनेक दिवस घेतलं तर रक्त गोठण्याच्या तपासणीचे आकडे हलतात.
- हृदयासाठी रोजची छोटी ॲस्पिरिन. आयबुप्रोफेन आधी घेतलं तर ॲस्पिरिनचं काम अडतं. पॅरासिटामॉलने असं होत नाही.
- स्टेरॉइड, नैराश्यावरच्या काही गोळ्या, लिथियम, मेथोट्रेक्सेट.

ही यादी पाठ करू नका. रोजच्या औषधांच्या पत्त्यांचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि नवी पेनकिलर घेताना फार्मासिस्टला दाखवा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, आणि मला तरी आजवर कुणी 'नाही' म्हटलेलं नाही.

6. मुलांसाठी वय नाही, वजन

मुलाला मोठ्यांची गोळी अर्धी करून देणं हा प्रकार आधी बंद. मुलांचं पॅरासिटामॉल किलोला 10 ते 15 मिलिग्रॅम या हिशेबाने एका वेळी, 4 ते 6 तासांच्या अंतराने आणि 24 तासांत फार तर 4 वेळा. 12 किलोच्या मुलाला म्हणजे 120 ते 180 मिलिग्रॅम.

आता खरी गोम. हे मिलिग्रॅम झाले, बाटलीतून ओतायचे असतात मिली. एकाच औषधाची सिरप वेगवेगळ्या ताकदीची मिळतात: एकात 5 मिलीमध्ये 120 मिलिग्रॅम, दुसऱ्यात 5 मिलीमध्ये 250. तान्ह्यांसाठीचे थेंब तर याहून कडक, बऱ्याचदा 1 मिलीतच 100. थेंबांची बाटली सिरप समजून 5 मिली दिली, तर 12 किलोच्या त्या मुलाला 500 मिलिग्रॅम गेलं. बाटली बदलली की हिशेब नव्याने करा, मागच्या वेळी 'एक चमचा' दिला होता म्हणून आताही एक चमचा असं नको. स्वयंपाकघरातला चमचा तर नकोच, त्यात 3 मिली मावतं की 7 हे कुणालाच माहीत नसतं. सिरिंज वापरा.

तीन महिन्यांखालच्या बाळाला ताप असेल तर औषध शोधत बसू नका, डॉक्टरांकडे न्या. सहा महिन्यांखाली आयबुप्रोफेन डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नाही, कांजिण्यांतही नाही. ॲस्पिरिन मुलांना का नाही, तर फ्लू किंवा कांजिण्यांच्या काळात दिल्यास रेज सिंड्रोम हा मेंदू आणि लिव्हरवर घाला घालणारा आजार होऊ शकतो. क्वचित होतो, पण झाला तर जिवावर बेततो.

आणि घरात दोन माणसं मूल सांभाळत असतील तर वही फ्रिजवर चिकटवा. आईने दिलं, अर्ध्या तासाने आजीनेही दिलं, हे नेहमी घडतं.

7. जेल, मलम, विरघळणाऱ्या गोळ्या

गुडघा, मनगट, बोटं यांच्या दुखण्यात डायक्लोफेनॅकचं जेल गोळीच्या आधी वापरून पाहण्यासारखं आहे. रक्तात फार कमी जातं. पण ते दुसऱ्या घराण्यातलंच औषध आहे, तेव्हा वर तिसऱ्या पायरीत तुमचं नाव असेल तर आधी विचारा. लावल्यावर हात धुवा, वरून शेक देऊ नका, फुटलेल्या कातडीवर लावू नका.

पाण्यात टाकल्यावर फसफसणाऱ्या गोळ्यांत सोडियम भरपूर असतं. 500 ची एक पॅरासिटामॉल असेल तर सुमारे 400 मिलिग्रॅम सोडियम. दिवसात आठ घेतल्या तर 3 ग्रॅमच्या वर. बीपीवाल्यांनी साधी गोळी गिळावी.

8. तारखा मोजा

स्वतःच्या मनाने पेनकिलर घ्यायची ती दुखण्यासाठी फार तर 10 दिवस, तापासाठी 3 दिवस. त्यानंतरही गरज भासत असेल तर प्रश्न गोळीचा उरलेला नाही, दुखण्याचं कारण शोधायला हवं.

डोकेदुखीचा एक विचित्र सापळा आहे. साध्या पेनकिलर महिन्यात 15 किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक काळ चाललं, तर गोळ्यांमुळेच डोकं दुखू लागतं. कोडीन (अफूच्या जातीचं वेदनाशामक) असलेल्या किंवा दोन-तीन औषधं एकत्र असलेल्या गोळ्यांत महिन्याला 10 दिवस झाले तरी ती वेळ येते. मग दुखतं म्हणून गोळी आणि गोळीमुळे दुखणं. यातून बाहेर पडायचं तर गोळी थांबवावी लागते, आणि सुरुवातीचे काही दिवस दुखणं वाढतं. ते डॉक्टरांच्या सल्ल्याने करा, विशेषतः कोडीन असेल तर, कारण त्याची सवय लागते. कॅलेंडरवर गोळी घेतलेल्या दिवशी फक्त एक टिंब काढा. महिनाअखेरीला टिंबं मोजली की चित्र स्पष्ट होतं.

9. गोळी बाजूला ठेवून थेट दवाखाना

छातीत दुखणं किंवा दाब. आयुष्यात कधी झाली नाही अशी, एका क्षणात शिगेला पोचलेली डोकेदुखी. डोक्याला मार लागल्यावर वाढत जाणारी डोकेदुखी. तापासोबत मान ताठ होणं. एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं. पोटात जोराचं दुखून पोट कडक लागणं. काळी डांबरासारखी शी किंवा उलटीत रक्त. गोळी घेतल्यावर ओठ-चेहरा सुजणं, धाप लागणं.

10. मात्रा जास्त झालीच तर

पॅरासिटामॉलचा जास्त डोस फसवा असतो. पहिले 24 तास काहीच जाणवत नाही किंवा थोडी मळमळ होते. माणूस म्हणतो, निभावलं. लिव्हरची हानी दोन-तीन दिवसांनी दिसते, उजव्या कुशीत दुखतं, डोळे पिवळे होतात. कारण असं की लिव्हर या औषधाचा थोडा भाग विषारी द्रव्यात बदलतं आणि ग्लुटाथायोन नावाच्या साठ्याने ते निकामी करतं. साठा संपला की विष लिव्हरच्याच पेशी खातं. यावर उतारा आहे, एन-ॲसिटिलसिस्टीन, आणि तो पहिल्या 8 तासांत मिळाला तर लिव्हर जवळजवळ हमखास वाचतं. म्हणून लक्षणांची वाट पाहायची नाही. बरं वाटत असलं तरी जायचं. मुद्दाम उलटी काढू नका.

निघताना रिकामे पत्ते, बाटल्या आणि ती वही सोबत घ्या. तिथे पहिले तीन प्रश्न येतात: कोणतं औषध, किती मिलिग्रॅम, किती वाजता. चूक माझ्यासारखी दोन-तीन दिवसांत थोडी थोडी साठलेली असेल तर तेही आवर्जून सांगा. एकदम घेतलेल्या डोसचा आणि असा साठत गेलेल्याचा हिशेब डॉक्टर वेगळा करतात.